शेततळ्याचा तळ दिसतो, पण खोली दिसत नाही

महागाव तालुक्यातून, बचत गटाच्या वतीनं आम्ही बोलतोय. हातातली कामं चालू ठेवा, कान फक्त इकडे द्या.

दुपारी शेततळ्याच्या काठावर उभं राहिलं की पाण्यात नुसतं आभाळ चकाकतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंचा नातू बादली भरायला खाली उतरला. "आजी, इथं तर तळ दिसतो," म्हणाला आणि प्लास्टिकच्या कागदावरून घसरला. आजोबांनी दोर टाकला म्हणून पोरगं हाती लागलं.

पुढच्या बैठकीत कर्जाचा विषय बाजूलाच राहिला. एकीनं मुलाचा पोलराइज्ड गॉगल आणला होता. तो लावून तळ्याकडं पाहिलं तर चकाकी गेली, खालचा कागद दिसू लागला.

असं कसं झालं? दोरीचं एक टोक खुंटीला बांधून दुसरं हलवलं तर दोरी उभी हलते किंवा आडवी. उजेडाचंही तसंच. उन्हाचा उजेड सगळीकडून थरथरत येतो, पण पाण्यावर तिरका आपटून परतला की बहुतेक आडवाच थरथरतो. ही काच आडवी थरथर अडवते. काच खरी की खोटी, ते गटाच्या कॅल्क्युलेटरवर बघा. आकड्यांसमोर गॉगल हळूहळू फिरवा. एका जागी सगळं काळं झालं तर काच खरी. आम्हाला बाजारातल्या स्वस्त गॉगलांत खोटेही सापडले.

सी. व्ही. रामन यांनी 1921 साली विलायतेहून बोटीनं परतताना हीच युक्ती वापरली होती. अशाच कामाच्या एका स्फटिकातून त्यांनी समुद्रावरची आभाळाची चकाकी घालवली, तरी पाणी निळंच दिसलं. म्हणजे निळा रंग नुसता आभाळाचा नव्हे, पाण्यातूनही येतो. ते पत्र त्यांनी मुंबई बंदरातून धाडलं. चकाकत्या वस्तूंची खोली मोजणारे कॅमेरेही आज असा उजेड वापरतात. पण तिथं हिशेब यंत्र करतं.

आपला डोळा तो हिशेब करत नाही. चकाकी गेली तरी पाणी उजेडाला वाकवतंच. सरळ वरून पाहिलं तर चार हात पाणी तीन हात वाटतं आणि काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहून उथळ. गॉगल मात्र तिरकं पाहतानाच चांगला चालतो! म्हणजे तळ स्वच्छ दिसतो तेव्हाच माणूस जास्त फसतो. नातवाचंही तेच झालं, आणि त्याच्याकडं तर गॉगलही नव्हता.

म्हणून आम्ही खोली डोळ्यानं ठरवायचं सोडलं. बांबू खुपसला तर कागद फाटतो, दगडानंही फाटतो. त्यामुळं वाळू भरलेली प्लास्टिकची बाटली दोरीला बांधली, हाताहातावर गाठी मारल्या आणि काठावरून सोडली. चार-पाच हात वाटणारं पाणी आठ हात निघालं. काही वेळ कोणीच बोललं नाही.

आता गटातल्या प्रत्येक शेततळ्यावर अशी एक गाठींची दोरी आहे. शेजारी खुंटीला पक्का दोर बांधून हवा भरलेली ट्यूब ठेवली आहे. ट्यूब पंक्चरवाल्याकडं जुनी मिळते, फक्त आठवड्याला हवा तपासा.