जुनी स्पोर्ट्स मोटार : कोणत्या पिढीची घ्यावी?



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलेल्या माणसानें दोन आसनांच्या उघड्या मोटारीबद्दल काय बोलावें? शिवाय ज्या गाडीबद्दल मी बोलणार आहें ती माझ्दा एम्-एक्स-५ आपल्या देशांत विकली जात नाहीं. आणि तीन वर्षांहून जुनी मोटार परदेशांतून आणण्यास आपले नियम साधारणतः मुभा देत नाहींत. तरीहि हा विषय मीं निवडला, याचें कारण असें कीं, गेल्या हिवाळ्यांत इंग्लंडांत माझ्या भाच्याबरोबर ही गाडी शोधीत हिंडतांना वापरलेली वस्तु कशी पारखावी याचा एक धडा मला मिळाला. जुनी मोटार घेऊं पाहणाऱ्या कोणत्याहि घराला तो उपयोगी पडावा.

भाचा बर्मिंगहॅमला नोकरीस आहे. चार वर्षें थोडें थोडें बाजूला टाकून त्यानें पांच हजार पौंड सांठविले होते. पत्नीच्या अटी दोन : गाडी रोज कामावर नेतां आली पाहिजे, आणि या रकमेवर एक पौंडहि अधिक मागावयाचा नाहीं. निवड चुकली असती तर चार वर्षांची काटकसर गंजाबरोबर गळून गेली असती. "मामा, चार पिढ्या आहेत. कोणती घेऊं, तुम्हीच सांगा," असें तो म्हणाला.

प्रथम या घराण्याची ओळख करून देतों. लहान, हलकी, उघडी मोटार हा मूळचा इंग्लंडचा शोक. एम्. जी., ट्रायम्फ, लोटस हीं त्यांतलीं नांवें. पण १९८० सालीं एम्. जी. बी. आणि ट्रायम्फ स्पिटफायर या दोन्ही गाड्यांचें उत्पादन थांबलें आणि हें दुकान जवळजवळ उठलें. त्याच सुमारास, १९७९ सालीं, बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकारानें माझ्दाचे केनिची यामामोतो यांच्याजवळ, तसली गाडी आपण कां करीत नाहीं, अशी गोष्ट काढली. पुढें तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखालीं ती गाडी सिद्ध झाली आणि १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. घोडा आणि स्वार यांनीं एकजीव व्हावें, अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग, 'जिम्बा इत्ताई', हें तिचें सूत्र होतें. २०१६ सालीं या घराण्यांतील दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली.

आतां चार पिढ्या. पहिली १९८९ ते १९९७ ची. वजन साडेनऊशें किलोच्या आसपास, आरंभीं १.६ लिटरचें व पुढें १.८ लिटरचेंहि एंजिन. दिवे लावले कीं बॉनेटांतून बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. त्या डोळ्यांवरच निम्मे लोक भाळतात. मागची खिडकी प्लॅस्टिकची. ती कालांतरानें पिवळी पडते, आणि थंडींत टप दुमडतांना जपलें नाहीं तर तडकते. दुसरी पिढी १९९८ ते २००५ ची. सांगाडा बव्हंशीं तोच, पण दिवे जागच्या जागीं बसविलेले आणि मागची खिडकी कांचेची. या दोन्ही पिढ्यांत एंजिनाचा टायमिंगचा पट्टा सुमारें एक लाख किलोमीटरांनीं बदलावा लागतो. विकणारा "बदलला आहे" असें म्हणाला तर पावती मागावी. पावती नसेल तर बदललेला नाहीं असें धरून हिशेब करावा.

तिसरी पिढी २००५ ते २०१५ ची. ही अंगानें थोडी भरलेली. पट्ट्याच्या जागीं साखळी, एंजिन १.८ किंवा दोन लिटरचें. २००६ पासून कापडी टपाऐवजीं घडी होणारें टणक छप्पर असलेलीहि मिळूं लागली. जाणते लोक हिला जरा नाकें मुरडतात. पहिलीचा चपळपणा हिच्यांत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. म्हणूनच तिची किंमत आवाक्यांत राहिली आहे. चौथी पिढी २०१५ पासूनची. तिसरीपेक्षां सुमारें शंभर किलो वजन उतरवून तिनें पहिलीचा हलकेपणा परत आणला. हिच्या आरंभींच्या कांहीं दोन लिटर गाड्यांच्या गिअरबॉक्समध्यें दोष निघाले व पुढें तो भाग सुधारण्यांत आला. पण आमच्या पांच हजारांत चौथी बसत नव्हती, म्हणून प्रश्न पहिल्या तिघींचाच उरला.

येथवरची माहिती कोणत्याहि पुस्तकांत मिळेल. खरा प्रश्न गंजाचा आहे. विलायतेंत हिवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ जमूं नये म्हणून मीठ टाकतात. तें खारें पाणी गाडीच्या पोटाला लागतें. उघड्या मोटारीला छपराचा आधार नसतो. सारा भार खालच्या सांगाड्यावर असतो. दाराखालीं जी पोलादाची पोकळ पेटी असते तिला तिकडे 'सिल' म्हणतात. आपण उंबरठा म्हणूं. टपावरचें पाणी आसनांमागच्या बारीक नळ्यांतून खालीं जातें. त्या नळ्या पानकचऱ्यानें तुंबल्या कीं पाणी उंबरठ्याच्या पोकळींत शिरतें आणि पत्रा आंतून कुजूं लागतो. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आंतलें काम बहुधा आटोपलेलें असतें.

आम्हीं पाहिलेली पहिली गाडी पहिल्याच पिढीची, लाल रंगाची, आरशासारखी चकचकीत. मालकानें दिवे वर केले आणि भाच्याचा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा झाला. बयाणा देण्यासाठीं तो हात खिशांत घालूं लागला. मला यंत्रांतलें फारसें कळत नाहीं. पण चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यामुळें खाडाखोड मात्र लौकर दिसते. उंबरठ्याच्या खालच्या कडेवर रंग बाकीच्या अंगापेक्षां नवा होता. तिकडे तीन वर्षांवरच्या बहुतेक मोटारींची दरसाल सरकारी नियमांप्रमाणें तपासणी होते, तिला एम्. ओ. टी. म्हणतात. गाडीच्या क्रमांकावरून मागील तपासण्यांचे शेरे कोणालाहि फुकट पाहतां येतात. आम्हीं तेथेंच उभ्यानें ते पाहिले. लागोपाठ दोन वर्षें 'उंबरठ्याला गंज' असा शेरा होता. तिसऱ्या वर्षीं शेरा नाहीं. मधल्या काळांत नवा पत्रा जोडल्याची पावती आहे काय, असें मीं विचारलें. मालकानें विषय बदलला. आम्ही निघालों. वाटेंत भाचा माझ्याशीं अवाक्षर बोलला नाहीं.

दुसरी गाडी दुसऱ्या पिढीची. हिचे उंबरठे बरे होते, पण या पिढीला पुढच्या बाजूस, एंजिनाखालच्या लांबट पोलादी दांड्यांत गंज चढण्याची खोड आहे. गॅरेजवाल्यानें गाडी वर उचलून दाखविली. एका दांड्यावर बोटानें दाबतांच पापुद्रे निघाले. तिसरी गाडी तिसऱ्या पिढीची, २००८ सालची, दोन लिटर एंजिनाची, एका वृद्ध दांपत्यानें वापरलेली. मागच्या चाकावरच्या कमानीला गंजाचे दोन बारीक फोड होते आणि ते त्यांनीं आपण होऊन दाखविले. दरवर्षींच्या तेलबदलाच्या पावत्या एका पाकिटांत ओळीनें लावलेल्या होत्या. आम्ही टपाच्या नळींत तांब्याभर पाणी ओतलें. तें लगेच खालीं जमिनीवर आलें. चार हजारांस सौदा ठरला आणि उरलेले हजार कमानी, टायर व विमा यांसाठीं राहिले.

मीं गाडी निवडली असें मात्र मी म्हणणार नाहीं. त्या रात्रीं भाचा म्हणाला, "मामा, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण मला ते दिवे हवे होते." यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. शोकाची वस्तु हिशेबानें घेतली तर शोक तेवढा कमी होतो, हें खरें. पहिल्या पिढीची निर्दोष गाडी मिळतच नाहीं असें नाहीं. पण तिला चांगला पैसा, कोरडी गाडीखोली आणि सवड लागते. रोज पावसांत कामावर जाणाऱ्यानें तिच्या वाटेस जाऊं नये, इतकेंच माझें म्हणणें.

आपल्याकडे धर्माच्या गाईचे दांत पाहूं नयेत असें म्हणतात. पण विकत घ्यावयाच्या गाईचे अवश्य पाहावेत. पूर्वीं घोडा घेणारे लोक जातीची चौकशी करीत, पण पैसे मोजण्यापूर्वीं दांत आणि खूर पाहात. मोटारीचेंहि तेंच आहे. कोणती पिढी, हा विचार करावा तो आपला उपयोग काय, रोज किती अंतर जावयाचें, गाडी कोठें उभी राहणार, हें ठरविण्यापुरता. तो झाला कीं पिढी विसरून समोरची एक गाडी पाहावी. पुण्यामुंबईंत विलायतेसारखें मीठ नसलें तरी समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आहेच. चमकत्या बॉनेटपुढें उभें राहण्यापूर्वीं खालीं वांकून पोट पाहावें, पावत्या वाचाव्या, आणि ठरलेल्या रकमेचा पांचवा हिस्सा दुरुस्तीसाठीं मागें ठेवावा. सौदा करतांना घरांतलें एखादें न भाळलेलें माणूस बरोबर न्यावें; त्याचा राग आला तरी न्यावें.

परत येण्यापूर्वीं एका रविवारीं भाच्यानें मला त्या गाडींतून फिरविलें. थंडी कडाक्याची, तरी त्यानें टप खालीं केला. वळणावर गाडी त्याच्या हाताबरोबर वळे आणि तो हंसे. त्या जपानी शब्दप्रयोगाचा अर्थ मला तेव्हां थोडाबहुत कळला. दिव्यांबद्दल तो त्या दिवशीं कांहीं बोलला नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं.