रसायनतपस्विनी गर्ट्रूड एलियन

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या पाठीवर शाबासकीची थाप देण्याच्या ह्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, ह्याबद्दल मी ऋणी आहे. अशा समारंभात थोरांची चरित्रे सांगण्याचा प्रघात आहे आणि तो मी मोडणार नाही. मात्र आजचे चरित्र राजाचे वा सेनापतीचे नव्हे. जिचे नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल, परंतु जिच्या औषधांचा गुण आपल्यातील कितीतरी घरांनी घेतला आहे, अशा एका रसायनशास्त्रज्ञ स्त्रीचे ते आहे. तिचे नाव गर्ट्रूड एलियन.

गर्ट्रूडचा जन्म 23 जानेवारी 1918 रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आईवडील दोघेही लहानपणीच पूर्व युरोपातून अमेरिकेस आलेले. वडील दंतवैद्य होते. परंतु 1929 साली तेथील शेअरबाजार कोसळला आणि घरची पुंजी गेली. मुलगी पंधरा वर्षांची असताना तिचे आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले. आजोबांवर तिचा फार जीव. त्यांच्या वेदना तिने डोळ्यांनी पाहिल्या आणि ह्या रोगावर उपाय शोधण्याच्या कामी आयुष्य वेचावे, असे तिच्या मनाने घेतले. घरात पैसा नव्हता. पण न्यूयॉर्कच्या हंटर महाविद्यालयात मुलींना विनाशुल्क शिक्षण मिळत असे. 1933 मध्ये तेथे तिला प्रवेश मिळाला. ते महाविद्यालय नसते तर आपण उच्च शिक्षण घेऊच शकलो नसतो, अशी कृतज्ञता पुढे त्यांनी वारंवार व्यक्त केली आहे.

1937 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गर्ट्रूड रसायनशास्त्राची पदवी सर्वोच्च सन्मानासह उत्तीर्ण झाली. आपल्या समारंभात शाल आणि श्रीफळ मिळावे, असेच ते यश होते. पुढे काय झाले, तिकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. उच्च अभ्यासासाठी तिने पंधरा विद्यापीठांकडे अर्ज केले. एकानेही आर्थिक साहाय्य देऊ केले नाही. एका मुलाखतीत तर तिला सांगण्यात आले की, तुमची पात्रता उत्तम आहे, पण प्रयोगशाळेत तरुण स्त्री आली तर इतरांचे चित्त कामावर राहणार नाही!

पुढची सात वर्षे ह्या बुद्धिमान मुलीने कशी काढली? काही आठवडे ती कचेरीतील टंकलेखनादी कामे शिकली. तीन महिने परिचारिकांना जीवरसायन शिकविले. एका रसायनज्ञाकडे प्रारंभी बिनपगारी काम पत्करले, कारण निदान हात तरी प्रयोगशाळेतून सुटू नये. थोडे पैसे साठताच न्यूयॉर्क विद्यापीठात नाव घातले, दिवसा शाळेत शिकविले, रात्री आणि सुटीच्या दिवशी प्रयोग केले आणि 1941 मध्ये एम्. एस्सी. पूर्ण केली. त्याच वर्षी तिचा नियोजित वर हृदयाच्या जंतुसंसर्गाने वारला. काही वर्षांनी पेनिसिलिन सर्रास मिळू लागले. तेच औषध त्याला वाचवू शकले असते. तिने पुढे विवाह केला नाही. मग महायुद्ध आले, पुरुष रणांगणावर गेले आणि प्रयोगशाळांची दारे स्त्रियांसाठी किलकिली झाली. तरीही पहिले काम मिळाले ते एका किराणा कंपनीत, लोणच्याचा आंबटपणा तपासण्याचे! अखेर 1944 साली बरोज वेलकम ह्या औषधनिर्मात्या कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज नावाच्या संशोधकाने तिला साहाय्यक म्हणून घेतले. ही एक निवड जगाला किती फळली, ते आता पाहू.

त्यासाठी थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. मी रसायनशास्त्री नव्हे. वर्गात शास्त्र विषय शिकविता शिकविता जे समजले तेवढेच सांगतो. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागू लागतो, हा अनुभव सर्वांचा आहे. लाळेतील एक द्रव्य पिठूळ पदार्थाची साखर करते. अशा द्रव्यांना इंग्रजीत एन्झाइम आणि आपल्या शालेय पुस्तकांत विकर म्हणतात. शरीरातील जवळजवळ प्रत्येक रासायनिक क्रिया कोणत्या ना कोणत्या विकराच्या हातून घडते. विकर हे कुलूप आणि ज्यावर ते काम करते तो पदार्थ ही त्याची किल्ली, अशी उपमा एमिल फिशर ह्या जर्मन रसायनज्ञाने 1894 सालीच दिली होती. आता समजा, खऱ्या किल्लीसारखी दिसणारी एक खोटी किल्ली घडविली. ती कुलपात शिरते, पण फिरत नाही आणि तेथेच अडकून बसते. मग खऱ्या किल्लीलाही वाट उरत नाही. असा पदार्थ म्हणजे विकर-निरोधक.

त्या काळी औषधे बहुधा योगायोगाने सापडत. हिचिंग्ज ह्यांचे म्हणणे असे की, योगायोगाची वाट का पाहावी? पेशी वाढते तेव्हा तिला आनुवंशिक द्रव्य नव्याने घडवावे लागते आणि त्यासाठी प्युरीन आणि पिरिमिडीन नावाच्या घटकांची गरज असते. कर्करोगाची पेशी आणि रोगजंतू झपाट्याने वाढतात. म्हणून त्यांना ह्या घटकांची खोटी प्रतिकृती दिली तर आपल्या पेशींहून अधिक अडचण त्यांची होईल. एलियनबाईंच्या वाट्याला प्युरीन आले. त्या एकामागून एक प्रतिकृती घडवीत आणि जिवाणूंवर पारखून पाहत. 1951 च्या सुमारास प्युरीनमधील एका ऑक्सिजन अणूच्या जागी गंधकाचा अणू बसवून त्यांनी 6-मर्कॅप्टोप्युरीन हे द्रव्य सिद्ध केले. तेव्हा तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेली बालके काही महिन्यांतच दगावत. 1953 मध्ये ह्या औषधास मान्यता मिळाली. काही मुले बरी झाल्यासारखी दिसली आणि आईबापांना आशा वाटू लागली. पण बहुतेकांचा रोग उलटला. बाईंच्या अंतःकरणास हा घाव फार लागला, आणि ह्या औषधाचे शरीरात नेमके काय होते, हे शोधण्यात त्यांनी पुढील अनेक वर्षे घातली.

येथे आपल्या देशाचाही हात लागला आहे, हे अभिमानाने सांगतो. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाच्या खोट्या किल्ल्या घडल्या. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आणि एलियनबाईंचे मर्कॅप्टोप्युरीन ही दोन्ही औषधे बालकांच्या ल्युकेमियावरील दीर्घ उपचारात आजही जोडीने दिली जातात. इतर औषधांची जोड मिळाल्यावर आज सुसज्ज रुग्णालयांत अशा दहा बालकांपैकी आठांहून अधिक पूर्ण बरी होतात.

एका प्रश्नाचा पाठपुरावा केला असता दुसऱ्याचे उत्तर कसे हाती येते, ते पाहा. मर्कॅप्टोप्युरीनचा शरीरात लवकर नाश होतो आणि तो झॅन्थीन ऑक्सिडेज नावाचे विकर करते, असे आढळले. तेव्हा त्या विकरालाच अडविणारे अ‍ॅलोप्युरिनॉल त्यांनी पुढे आणले. ल्युकेमियाच्या उपचारात अपेक्षित लाभ झाला नाही, कारण औषधाच्या गुणाबरोबर त्याचा त्रासही वाढला. परंतु हेच विकर शरीरात यूरिक आम्ल तयार करते आणि ते आम्ल साठले की पायाच्या अंगठ्यात ठणका उठतो. ह्या विकारास आपले वैद्य वातरक्त म्हणतात. अ‍ॅलोप्युरिनॉलने यूरिक आम्ल उतरले! 1966 मध्ये त्यास मान्यता मिळाली. ज्येष्ठ मंडळींपैकी काहींच्या खिशात ती गोळी ह्या क्षणीही असेल.

मर्कॅप्टोप्युरीनचेच भावंड अ‍ॅझाथायोप्रीन. परक्या अवयवास शरीर जो विरोध करते तो त्याने शमतो. 1962 साली बॉस्टन येथे नात्याबाहेरच्या व्यक्तीचे मूत्रपिंड यशस्वी रीतीने बसविण्यात आले, ते ह्याच औषधाच्या आधाराने. हिचिंग्ज ह्यांच्या प्रयोगशाळेतून हिवतापावरील पायरीमेथामीन निघाले आणि जिवाणूंवरील ट्रायमेथोप्रिमही निघाले; हे दुसरे औषध सेप्ट्रान ह्या गोळीतील एक घटक म्हणून आपल्या घरोघरी परिचित आहे. ह्यातील मर्म असे की, जे विकर जंतूत आहे तेच आपल्यातही आहे. पण दोन्ही कुलपांची घडण किंचित निराळी. ट्रायमेथोप्रिम जंतूच्या कुलपात आपल्याहून हजारो पटींनी घट्ट बसते. तेवढ्या फरकावर रोगी वाचतो.

आणि शेवटचे नवल असायक्लोव्हिर. नागीण झालेल्यास वैद्य आज हे औषध देतात. त्यापूर्वी विषाणू मारावा तर पेशीही मरेल, असाच समज रूढ होता. असायक्लोव्हिर निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय राहते. हर्पिस कुळातील विषाणूचे स्वतःचेच विकर त्याला जागे करते आणि मग ते विषाणूची वाढ रोखते. चोराने आपल्याच हातांनी बेडी घडवून पायात घालावी, तसेच हे! हा उलगडा एलियनबाईंच्या गटाने केला.

मित्रहो, आता पदवीची गोष्ट. नोकरी सांभाळून बाई रात्री ब्रुकलिन येथील तंत्रशिक्षणसंस्थेत डॉक्टरेटचा अभ्यास करीत होत्या. दोनेक वर्षांनी तेथील अधिष्ठात्यांनी बजावले की, नोकरी सोडून पूर्ण वेळ याल तरच पदवी. त्यांनी नोकरी ठेवली, पदवी सोडली. 1967 मध्ये त्या स्वतंत्र विभागाच्या प्रमुख झाल्या, 1983 साली निवृत्त झाल्या आणि 1988 साली हिचिंग्ज व ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक ह्यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी त्या ब्रुकलिनच्या संस्थेने सन्मान्य डॉक्टरेट दिली. विशीपंचविशीत जी पदवी हवी होती ती सत्तरीनंतर घरी चालत आली. 21 फेब्रुवारी 1999 रोजी त्यांचे निधन झाले.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कोणी म्हणू नये. ज्या 1933 साली गर्ट्रूड महाविद्यालयात गेली, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवीधर कमला भागवत बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागत होती. साहित्यिका दुर्गाबाई भागवतांची ही भगिनी. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी केवळ स्त्री म्हणून तिला नकार दिला. तिने तो मुकाट्याने मानला नाही. जाचक अटी पत्करून प्रवेश मिळविला आणि 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. पुढे कमलाबाई सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी आपल्या कडधान्यांतील विकर-निरोधकांवरही संशोधन केले. म्हणजे निसर्गाने घडविलेल्या खोट्या किल्ल्या मराठी मुलीने तपासल्या, आणि त्याही आपल्या रोजच्या डाळीतल्या!

आता थोडे आपल्या घराकडे वळतो. आपला शिष्यवृत्तिनिधी पहिल्या पदवीपर्यंत साहाय्य देतो आणि तेथे थांबतो. मुलगा असेल तर घर कर्ज काढून पुढे शिकविते. मुलगी असेल तर पदवीच्या निकालाआधीच स्थळांची यादी तयार असते. मुलीचे लग्न होऊ नये, असे मी म्हणत नाही. ते आनंदाने व्हावे. परंतु जिला पुढे शिकायचे आहे, तिच्या वाटेवर पहिला नकार आपल्याच घरातून येऊ नये. हंटर महाविद्यालयाने गर्ट्रूडला पदवीपर्यंत आणले. पंधरा दारे बंद झाली ती त्यानंतर. आपला हात जेथे सुटतो तेथेच नेमका खड्डा आहे.

आपण सत्कार करतो तो पोहोचलेल्याचा. साहाय्य मात्र अडलेल्याला लागते. नोबेलच्या निमित्ताने कंपनीने दानासाठी मोठी रक्कम बाईंच्या स्वाधीन केली, तेव्हा त्यांनी ती हंटर महाविद्यालयात रसायन शिकणाऱ्या मुलींच्या शिष्यवृत्तीस दिली. आपण नकारांनी गमावलेली वर्षे दुसरीने गमावू नयेत, हाच त्यामागचा हेतू मला दिसतो.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे की, पदव्युत्तर अभ्यास व संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलींसाठी निधीत एक वेगळे खाते उघडावे. आणि पुढील वर्षी शाली-श्रीफळांचा खर्च निम्म्यावर आणून ती रक्कम त्यात घालावी. माझी एक महिन्याची निवृत्तिवेतनाची रक्कम मी आजच कोषाध्यक्षांच्या हाती देत आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने यथाशक्ति भर घालावी.

समोर बसलेल्या कन्यांनो, तुमच्यातील प्रत्येकीला नोबेल मिळेल, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. परंतु नकार हा तुमच्या बुद्धीवरचा निकाल नव्हे, एवढे ध्यानी धरा. आणि लोणच्याचा आंबटपणा तपासण्याचे काम जरी वाट्याला आले तरी प्रयोगशाळेतून हात सुटू देऊ नका.