चवीला हिशेबाची जोड

(महिला बचत गटांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



वाढदिवसाला घरी केलेला केक पाहुण्यांना आवडला की कोणीतरी हमखास म्हणते, "वहिनी, तुम्ही हे विकायला का लागत नाही?" गृहउद्योगाचा प्रारंभ अनेकदा अशा कौतुकातून होतो. २०२०च्या टाळेबंदीच्या काळातही अनेक घरांतून केक, नानकटाई, पाव यांच्या ऑर्डर घेतल्या जाऊ लागल्या. त्यांतील काही उद्योग स्थिरावले, काही वर्षा-दोन वर्षांत थांबले. जे थांबले, त्यांच्या हातची चव बिघडली होती असे नव्हे. बहुतेक ठिकाणी उणीव होती ती हिशेबाची.

या संदर्भात लुधियानाच्या रजनी बेक्टर यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १९४०चा, कराचीतील. बालपण लाहोरमध्ये गेले. फाळणीने लाखो कुटुंबांप्रमाणे या कुटुंबालाही उखडून टाकले आणि ते दिल्लीस आले. वयाच्या सतराव्या वर्षी विवाह होऊन रजनीताई लुधियानाच्या व्यापारी घराण्यात आल्या. तीन मुलगे शिक्षणासाठी वसतिगृहात गेल्यावर हाती वेळ उरू लागला. तेव्हा त्यांनी पंजाब कृषी विद्यापीठात बेकिंगचे शिक्षण घेतले. अंगी हौस असूनही त्यांनी शास्त्रशुद्ध शिक्षणाला कमी लेखले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

घरच्या अंगणात केक, बिस्किटे आणि आइस्क्रीम तयार होऊ लागले. मागणी वाढत गेली; पण कौतुक जितके मिळत होते, तितका पैसा हाती येत नव्हता. उलट पदरचेच जात होते. ही गोष्ट त्यांचे पती धरमवीर यांच्या ध्यानात आली. त्यांनी काम बंद करण्याचा सल्ला दिला नाही. ते व्यवसाय म्हणून नीट उभे करण्यास साहाय्य केले. १९७८च्या सुमारास वीस हजार रुपयांच्या भांडवलावर आइस्क्रीमचा उद्योग रीतसर सुरू झाला. पुढे 'क्रेमिका' हे नाव घरोघर पोहोचले.

त्यांचा तोटा कसा होत असावा, हे एका साध्या उदाहरणाने समजून घेऊ. समजा, अर्धा किलोच्या केकसाठी मैदा, लोणी, साखर, क्रीम असे १६० रुपयांचे साहित्य लागले. खोका २५ रुपयांचा, वीज १५ रुपयांची. खर्च झाला २००. केक ३०० रुपयांना विकला, म्हणजे शंभर रुपये सुटले असे वाटते. पण त्यासाठी तीन तास राबलेल्या हातांचे काय? ताशी ६० रुपये धरले तरी १८० होतात. म्हणजे शंभराचा नफा नव्हे, ऐंशीचा तोटा! शिवाय ओव्हनची झीज आणि बिघडलेला घाणा वेगळाच.

आपल्याकडे गृहिणीचे श्रम 'घरचेच काम' म्हणून शून्य रुपयांत मोजण्याची सवय आहे. घरातील इतरांनाच नव्हे, स्वतः गृहिणीलाही ती असते. ज्या उद्योगात मालकिणीच्या श्रमाचे मोल धरलेले नाही, तो मदतनीस ठेवण्याच्या दिवशीच अडखळतो; कारण त्या मदतनिसाचा पगार किमतीत कधी धरलेलाच नसतो.

बेक्टर कुटुंबाच्या कथेतील पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. ऐंशीच्या दशकात पंजाब दहशतवादाने होरपळला. घराण्याचा धान्य व खतांचा जुना व्यापार त्यात मोडकळीस आला. अशा वेळी पती आणि मुलगे रजनीताईंच्या उद्योगात सामील झाले. अंगणातील हौस कुटुंबाचा आधार ठरली! हिशेबाची शिस्त नसती, तर हे घडले असते काय?

१९९६मध्ये मॅकडोनाल्ड्सने भारतात पहिले उपाहारगृह उघडले आणि बन पुरविण्याचे काम या उद्योगाला लाभले. असा ग्राहक केवळ चवीवर समाधानी होत नाही. प्रत्येक बन त्याच मापाचा, त्याच वजनाचा आणि ठरल्या वेळी हवा असतो. 'अंदाजाने दोन वाट्या' ही भाषा तेथे चालत नाही. मिसेस बेक्टर्स या कंपनीने डिसेंबर २०२०मध्ये समभाग विक्रीस काढले, तेव्हा मागणी उपलब्ध समभागांच्या सुमारे १९८ पट आली. २०२१च्या सन्मानांच्या यादीत रजनीताईंचे नाव पद्मश्रीसाठी जाहीर झाले.

प्रत्येकीने कारखानाच उभारावा, असा याचा अर्थ नाही. घर सांभाळून महिन्याकाठी चार पैसे मिळविणारा उद्योगही तितकाच आदरणीय आहे. त्यासाठी मोजकी पथ्ये पुरेशी आहेत. साहित्य वाटीने नव्हे, काट्यावर ग्रॅममध्ये मोजावे. घरखर्चाची आणि उद्योगाची वही निराळी असावी, शक्य तर बँकेचे खातेही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये लागणारी नोंदणी आरंभीच करून घ्यावी. नातेवाइकांना सवलत जरूर द्यावी; पण ती वहीत लिहावी. आणि घरातील पुरुषांनी धरमवीर बेक्टर यांच्याप्रमाणे तोटा दिसला तर 'पुरे आता' म्हणण्याऐवजी वही घेऊन शेजारी बसावे.

भगिनींनो, पुढची ऑर्डर घेण्यापूर्वी एवढे अवश्य करा: खर्चाच्या यादीत मैदा आणि साखरेच्या खाली आपल्या श्रमाचा आकडा लिहा. किंमत त्यानंतरच सांगा.