एकशे चोविसावा मजला
(मंडळाच्या मासिक कौटुंबिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने फर्मान काढले, "दुबईला जाऊन आलात ना, मग बुर्ज खलिफावर बोला." आम्ही पडलो सरकारी बांधकाम खात्यातले, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. त्यामुळे भाषण कमी आणि मोजमाप जास्त होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता, मुलगा आणि आई असे चौघे गेलो होतो. आमचे मामेभाऊ बरीच वर्षे तिकडे नोकरीला आहेत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आता ते शारजाला एका गोदामात स्टोअर सांभाळतात, पण 2005 ते 2008 ही तीन वर्षे ते याच इमारतीच्या कामावर होते, काँक्रीट पंपाच्या पाइपलाइनवर. वर जायचे ठरले तेव्हा आम्ही पाचवे तिकीट दादांचे काढायचे म्हटले. ते नको म्हणाले. "तिथे चढायचे आम्हाला पैसे मिळायचे, आता चढायला पैसे देऊ का?" असे हसून टाळले. सौ.ने न विचारता तिकीट काढून टाकले आणि फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवला. मग त्यांचा नाइलाज झाला.

आईला मात्र ते फारसे रुचले नाही. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. 2007 च्या जूनमध्ये आमचे मामा गेले, आणि थोरला मुलगा असून दादा आले नाहीत. अग्नी धाकट्या चुलतभावाने दिला. आईचा तो एकुलता एक भाऊ. तेव्हापासून ती दादांशी बोलायची, पण पाहुण्याशी बोलावे तशी. "बापाला खांदा द्यायला सवड झाली नाही," हे वाक्य आमच्या घरात अनेकदा ऐकू आलेले आहे. हे सगळे आज इथे दादांना विचारूनच सांगतो आहोत.

आता इमारतीकडे वळू. उंची 828 मीटर. आपला राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. त्यापुढे हिचे मजले 163. वरून पाहिले तर आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. मध्ये षटकोनी गाभा आणि त्याला तीन पंख. एका पंखावर वारा आला की बाकीचे दोन त्याला टेकू देतात. वर जाताना पंख पायरीपायरीने आखूड होत जातात, पण तिन्ही एकाच उंचीवर नव्हे. त्यामुळे वाऱ्याला इमारत एकाच तालात हलवता येत नाही. ही रचना शिकागोच्या कंपनीतले वास्तुविशारद एड्रियन स्मिथ आणि संरचना अभियंता बिल बेकर यांची.

आम्हाला खरे कौतुक जमिनीखालचे. तिथे आपल्या माळव्यासारखा काळा पाषाण नाही. वाळू, त्याखाली ठिसूळ खडक, आणि भूजल समुद्राहून खारट. म्हणून टॉवरखाली दीड मीटर व्यासाचे 192 पाइल्स, प्रत्येक 43 मीटरच्या आसपास लांब, आणि त्यांवर 3.7 मीटर जाडीचा राफ्ट. पाइल्स कठीण खडकावर टेकलेले नाहीत, आजूबाजूच्या मातीच्या घर्षणावर उभे आहेत. खाऱ्या पाण्याने सळई गंजू नये म्हणून विद्युत संरक्षणाची वेगळी व्यवस्था आहे. आमच्या मुलाने एवढे ऐकून विचारले, "बाबा, वर जायचंय की खाली?"

प्रवेश शेजारच्या दुबई मॉलच्या तळमजल्याखालून आहे. रांग, तपासणी, पुन्हा रांग. लिफ्टचा वेग सेकंदाला 10 मीटर. मिनिटभरात 124 वा मजला. कानात दडे बसतात, बाकी काही कळत नाही. आईने डोळे मिटून स्तोत्र सुरू केले होते. ते अर्ध्यावर असतानाच दार उघडले.

ही गच्ची 452 मीटरवर आहे. वर 148 व्या मजल्यावर, 555 मीटरवर, आणखी एक आहे. तिचे दर ऐकून आम्ही 124 वरच समाधान मानले. तिथे उभे असताना एक हिशेब डोक्यात आला. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच. म्हणजे त्या महागड्या गच्चीवर उभा राहिलेला माणूस जेमतेम आपल्या राजवाड्याच्या चौकाइतका उंच असतो. आम्ही तर त्याहून शंभर मीटर खालीच होतो. हे ऐकून आई म्हणाली, "मग एवढा खर्च कशाला केलास? घरीच बसलो असतो." पण गंमत अशी, की सराफ्यात उभे राहून समुद्र दिसत नाही. इथे एकदम कड्यावर आल्यासारखे होते. खाली बारा पदरी शेख झायेद रस्ता सुतळीएवढा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वस्ती संपते तिथून सरळ वाळवंट. गणिताने क्षितिज 75 किलोमीटरवर येते. प्रत्यक्षात धुरळ्यामुळे त्याच्या निम्मेही दिसले नाही.

उंचीमुळे सूर्यास्तही उशिरा होतो. रमजानमध्ये इमारतीतल्या लोकांनी रोजा कधी सोडायचा, हा प्रश्न आला तेव्हा 2011 साली तिथल्या धर्मविभागाने सांगितले, की 80 ते 150 मजल्यांवरच्यांनी दोन मिनिटे थांबावे, त्याच्या वरच्यांनी तीन. आईने लगेच विचारले, "मग संकष्टीला इथे चंद्र आधी उगवत असेल?" बरोबर आहे. सूर्य उशिरा मावळतो, तसा चंद्र लवकर दिसतो. पंचांगातली वेळ जमिनीवरची. संकष्टी करणाऱ्या काकूंना आता उंच फ्लॅट घेण्याचे एक कारण मिळाले.

या सगळ्यात दादा बाहेर बघतच नव्हते. लोक काचेला नाक लावून उभे, आणि हे आतल्या बाजूला खांब, छत, कोपरे न्याहाळत फिरत होते. आम्ही विचारले, "काय शोधताय?" तर म्हणाले, "हा मजला आमच्या हातचा आहे."

मग थोडे थोडे सांगू लागले. 2007 चा उन्हाळा. दुपारी 45 अंशांच्या पुढे, त्यामुळे काँक्रीट रात्री टाकायचे, पाण्याऐवजी बर्फ घालून. खालून एका दमात पंपाने वर. पुढे तर 600 मीटरच्याही वर असेच चढवले, तो त्या वेळचा विक्रम होता. एकदा स्लॅब सुरू केला की मध्ये थांबता येत नाही. थांबलात तर जुन्या-नव्या थराचा सांधा कच्चा राहतो, आणि पाइपमध्ये माल बसला तर सगळी लाइन तोडायची वेळ. हे आम्ही ऑफिसात बसून दरवर्षी कागदावर लिहितो. दादांनी ते खांद्यावर केलेले आहे.

"अशीच एक रात्र होती," ते म्हणाले. "मोबाइल कॅम्पात. सकाळी सहाला खाली उतरलो, तेव्हा कळलं की अप्पा आदल्या दिवशी दुपारीच गेले. पासपोर्ट ठेकेदाराकडे. त्याचा माणूस म्हणाला, साहेब आल्यावर बघू. पासपोर्ट हातात आला पाचव्या दिवशी. मग येऊन काय करायचं होतं, आत्या?"

आई काही बोलली नाही. आमच्या सौ.ने मुलाला दुर्बीण दाखवायला पलीकडे नेले. आम्ही तिथेच उभे राहिलो, कारण जावे की थांबावे ते कळेना.

थोड्या वेळाने आईने विचारले, "तेव्हा सांगितलं का नाहीस?" दादा म्हणाले, "धाकट्याने सगळं केलं होतं. त्यात मी काय पासपोर्टचं रडगाणं गाऊ? आणि पैसे तर इथूनच जायचे होते, तेराव्याचे सुद्धा."

तेराव्याचा खर्च कोणी केला, हे आम्हालाही त्या दिवशीच कळले.

आईने विचारले, "यातला कुठला खांब तुझा?" दादांनी हसून एक दाखवला. खरे तर आता त्यावर पॅनेल लावलेले आहे, काँक्रीट दिसत नाही. आईने त्यावर हात ठेवला आणि काही वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "भाकरी खातोस का अजून? उद्या करते. पीठ आणलंय इंदूरहून." त्या रात्रीपासून आमच्या मुक्कामाचे वेळापत्रक दादांच्या जेवणाच्या वेळेनुसार ठरू लागले, हेही नमूद करतो.

या इमारतीवर कामाच्या ऐन भरात रोज 12 हजार माणसे असत, बहुतेक आपल्याकडची, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इथली. मार्च 2006 मध्ये पगार आणि वागणुकीवरून याच जागेवर मोठा उद्रेक झाला होता. दादा त्याविषयी फार बोलत नाहीत. इमारतीचे नाव आधी बुर्ज दुबई होते. मंदीत शहर कर्जात अडकले, शेजारच्या अबू धाबीने हात दिला, आणि 4 जानेवारी 2010 ला उद्घाटनाच्या दिवशीच नाव तिथल्या शासकांवरून बुर्ज खलिफा झाले. दादा अजून बुर्ज दुबईच म्हणतात.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी. तिकीट आधी काढा, वेळ ठरलेली असते. सूर्यास्ताच्या वेळेचा दर जास्त आहे. सकाळी लवकर गेलात तर गर्दीही कमी. चालणे बरेच आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी चाकाच्या खुर्चीची आधीच चौकशी करावी. आईने खुर्ची नाकारली आणि मग मॉलभर आम्हाला ऐकवत चालली. खालच्या बागेला पाणी कुठून येते, असे एका काकांनी मघाशी विचारले होते. तेवढ्या दमट हवेत वातानुकूलनाने जे पाणी गळते, तेच साठवून घालतात, वर्षाला पाच कोटी लिटरच्या वर.

दादांचा करार मार्चमध्ये संपतो आहे, नंतर ते देवासला कायमचे येणार आहेत. पंप, शटरिंग, काँक्रीट यांविषयी कोणाला काही विचारायचे असेल, तर आमच्यापेक्षा त्यांना विचारलेले बरे. फोन नंबर आईकडे आहे.