घर, कचेरी आणि पाळणाघर



लहान मुलांच्या आईबापांनी घरून काम करावे की कचेरीत परतावे, हा विषय चालकांनी आम्हांला दिला आहे. आम्ही पदवीधर नाही. आमचे शिक्षण गेटसभांत, करारांच्या मसुद्यांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नये. हिशेबाची अवश्य ठेवावी.

पहिला हिशेब आपल्या शीळफाट्याचाच घेऊ. कल्याणकडची, मुंब्र्याकडची, पनवेलकडची आणि महाप्याकडची वाट येथे एकत्र येते. पलीकडे महापे-ऐरोलीला कचेऱ्या, अलीकडे डोंबिवली-कल्याणला बिऱ्हाडे, आणि मध्ये हा फाटा. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामाचे दहा तास आणि जाण्यायेण्याचे तीन तास धरा, तेरा झाले. झोपेचे सात धरा; वीस झाले. उरलेल्या चार तासांत स्वयंपाक, धुणे, आंघोळ, आजारपण आणि मूल. आठवड्याची मर्यादा 48 तासांचीच आहे, असे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. पण मूल काही आठवड्याच्या बेरजेवर वाढत नाही. ते रोज संध्याकाळी वाट पाहते.

रस्ता नको म्हणून आगगाडी धरावी, तर 9 जून 2025 च्या सकाळी दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान काय झाले, हे आपणांस सांगायला नको. दारात लोंबकळणारी माणसे गाडीतून खाली पडली आणि कित्येकांचे प्राण गेले. ती कामावर निघालेली माणसे होती. म्हणून ‘कचेरीत या’ एवढेच फर्मान काढून मालकाची जबाबदारी संपते, असे आम्ही मानीत नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि घरून काम कधीच होणार नाही असे सांगणाऱ्या कंपन्यांनी पाहतापाहता कचेऱ्या घरोघर नेल्या. पुढे वारे फिरले. टाटा कन्सल्टन्सीसारख्या मोठ्या कंपनीने 1 ऑक्टोबर 2023 पासून नोकरांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले. मालकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. नवखा मनुष्य जुन्याच्या शेजारी बसूनच काम शिकतो. आणि चार माणसे एकत्र बसली तरच संघटना उभी राहते, हे तर आम्हां कामगार कार्यकर्त्यांइतके कोणालाच ठाऊक नसेल.

मग घरून काम हे वरदान समजावे काय? तसेही नाही. महाराष्ट्राला घरून काम नवे नाही. सोलापूरच्या, सिन्नरच्या, संगमनेरच्या विडी कामगार भगिनींना विचारा. पाने आणि तंबाखू घरी न्यायची, मुलाला मांडीशी घेऊन विड्या वळायच्या आणि माल कारखान्यात आणून द्यायचा. जागा तिची, दिवा तिचा, तंबाखूच्या धुळीने येणारा खोकलाही तिचाच. मालकाचे भाडे मात्र वाचले. अशा स्त्रीला कामगार म्हणून कायद्यात स्थान मिळायला 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा यावा लागला. त्याने प्रसूतिलाभाचा हक्कही घरी काम करणारणीपर्यंत पोचवला. संगणकावर काम करणारी आमची शिकलेली मुलगी आणि ती विडी कामगार भगिनी यांच्या पगारात जमीनअस्मानाचे अंतर असेल, पण जागा, वीज आणि वेळ मालकाला फुकट देण्याच्या बाबतीत दोघी बहिणी आहेत.

आता कायदा पाहू. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. रजेनंतर काम घरून होण्यासारखे असेल, तर मालक व ती स्त्री परस्पर संमतीने तसे ठरवू शकतात, असे कलमही आले. ही तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली. ‘परस्पर संमती’ हे शब्द कागदावर गोड दिसतात. पण एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांचे मूल घेऊन उभी असलेली एकटी बाई, यांच्यात संमती कसली? तिच्या मागे संघटनेचा करार असेल, तरच त्या शब्दांना अर्थ आहे.

याच कायद्याने 50 किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. उत्तम! पण पाळणाघर महाप्याला आणि घर डोंबिवलीला असेल, तर त्या तान्ह्या जिवाने रोज हा शीळफाटा ओलांडावा काय?

1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिलाभाचे बिल आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. 1929 चा कायदा झाला, पण भार मालकावर पडला. मुलाचा खर्च केवळ बाईच्या नावावर मांडला, की मालक बाईलाच कामावर घेण्याचे टाळू लागतो. त्यावर उपाय म्हणजे बापालाही हिशेबात धरणे. केंद्र सरकारच्या पुरुष नोकराला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकराला कायद्याने एक दिवसही नाही. मूल काय एकट्या आईचे असते?

आणखी एक गोष्ट. परिचारिका, बसवाहक, डोंबिवलीच्या कारखान्यातला कामगार यांना आपले काम घरी नेताच येत नाही. त्यांची मुले कोणी सांभाळायची? घर की कचेरी या वादात आपण त्यांना विसरलो, तर आपल्यात मालकाने नव्हे, आपणच फूट पाडली असे होईल.

म्हणून आमचे मागणे असे. ज्यांचे काम घरून होते, त्यांना निवड करण्याचा हक्क लेखी कराराने मिळावा. आईला मिळावा तसा बापालाही मिळावा. घरी काम करणाऱ्याचे तास ठरलेले असावेत, यंत्राचा व विजेचा खर्च मालकाने द्यावा, आणि बढतीच्या यादीत त्याचे नाव शेवटी व कपातीच्या यादीत पहिले असू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी वस्तीवस्तीत पाळणाघरांना जागा द्यावी, मालकांनी आपल्या सर्व नोकरांच्या संख्येप्रमाणे वर्गणी भरावी, बाकीचा वाटा सरकारने उचलावा. मग घरून काम करणारी, कचेरीत जाणारी आणि कारखान्यात राबणारी, या तिघींची मुले एकाच अंगणात खेळतील.

ही मागणी कोणी आपण होऊन मान्य करणार नाही. ती संघटनेनेच मिळवावी लागेल, आणि घरी एकेकटे बसणाऱ्यांनी तर आधी एकमेकांचा पत्ता शोधला पाहिजे.