मनाच्या आजारातून उठलेल्यांना समितीत घ्यावे



मन बिघडलेल्या माणसाला आपण लांजीकर दवाखान्यात नेतो, दर्ग्यावर नेतो, देवळात नेतो. तुला काय हवे, हे मात्र त्याला कोणी विचारीत नाही. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला छिन्नमनस्कता होती. घरच्या त्या अनुभवातून त्यांनी १९९७ साली पुण्यात अशा कुटुंबांसाठी संस्था काढली. २०१७ च्या कायद्याने तर राज्य प्राधिकरणावर आजार भोगलेल्यांच्या दोन प्रतिनिधींना जागा ठेवली. (शहाणे म्हणवणाऱ्यांना हे जड जाईल!) आपल्या ट्रस्टच्या औषधोपचार समितीतही असा एक भाऊ व एक बहीण असावी, अशी आमची विनंती आहे. नागपूरला सोबत कोणी जावे, औषध कोणासमोर देऊ नये, हे तीच सांगतील. त्यांची नावे मात्र अहवालात छापू नयेत.