रिकामं जातं फिरवू नका

विषय हेडफोनचा आहे, पण माझा निम्म्याहून अधिक वेळ एका रेझिस्टरवरच जाणार आहे.

ज्यांच्याकडे ३०० किंवा ६०० ओहमचे हेडफोन आहेत, त्यांच्या मनात कधी ना कधी येतंच: घरात ईएल ३४ व्हॉल्व्हचा चांगला पॉवर अँप्लिफायर आहे, मग त्यावरच ऐकून पाहू. विचार अगदी योग्य आहे. अशा हेडफोनला करंट जेमतेम लागतो, व्होल्टेज मात्र भरपूर हवं. मोबाईलला ते झेपत नाही, व्हॉल्व्हला सहज जमतं. सेनहायझरचा एचडी ६०० असा ऐकला की तानपुऱ्याची जवारी काय उलगडते! जरूर ऐका. पण स्पीकरच्या तारा सोडवून त्या जागी नुसता हेडफोन लावू नका. आधी टर्मिनलवर ८ ओहमचा रेझिस्टर, मग त्याला समांतर हेडफोन.

ट्रान्झिस्टरची सवय झालेल्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. तिथे तारा शॉर्ट झाल्या की धोका. मोकळ्या राहिल्या तर काही बिघडत नाही. व्हॉल्व्हचं उलटं आहे. शॉर्ट तो थोडा वेळ सोसेल, मोकळं राहणं सोसणार नाही.

जातं रिकामं फिरवू नये, हे आपल्या आज्ज्या सांगत. वैरण पडत असली की हाताचा जोर दाण्यांवर खर्च होतो. दाणेच नसले तर दगडावर दगड घासतो आणि पुढच्या पिठात कच येते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ८ ओहमचा स्पीकर म्हणजे मूठभर वैरण. ६०० ओहमचा हेडफोन म्हणजे दोन दाणे. ‘हेडफोन लावलाय ना, मग लोड आहेच की’ असं पुष्कळजण म्हणतात. अहो, दोन दाण्यांनी जातं भरत नाही!

हिशेब बघा. ज्या ट्रान्सफॉर्मरमधून ८ ओहमचे व्हॉल्व्हला ६६०० ओहम दिसतात, त्यातून ६०० ओहमचे दिसतात जवळजवळ पाच लाख. हळू आवाजात हे निभावतंही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. मग एखादी जोरकस थाप येते, प्लेटवरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या कितीतरी वर उसळतं आणि ठिणगी पडते. ईएल ३४ च्या सॉकेटमध्ये तीन नंबरची पिन प्लेटची, शेजारची दोन नंबरची हीटरची. त्या दोहोंमध्ये बारीक काळी रेघ उमटलेली दिसली तर सॉकेट बदलाच. त्या कोळशातून पुन्हा ठिणगी जाते. आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फुटलं, तर ते बाहेरून दिसतसुद्धा नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, रेझिस्टर आधी. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वायरवाउंड मागा. ८ ओहमचा मिळाला नाही तर ८.२ चालतो. २० वॅटच्या अँप्लिफायरला २५ वॅटचा घ्या, प्लास्टिकच्या डबीत कोंबू नका, आणि दोन्ही चॅनलना एकेक लावा. एकाच बाजूला लावून भागत नाही. स्पीकर-हेडफोन बदलायचं असेल तर अँप्लिफायर बंद करून बदला; चालू असताना स्विच फिरवला तर मधल्या क्षणी जातं रिकामंच असतं.

आता आवाजाचं. ६०० ओहमच्या बायरडायनॅमिक डीटी ८८० ला एक मिलिवॅटसाठी पाऊण व्होल्टच्या किंचित वर लागतं, आणि तेवढ्यात तो ९६ डेसिबल देतो. २० वॅटचा अँप्लिफायर ८ ओहमवर साडेबारा व्होल्ट काढतो, म्हणजे त्या हेडफोनमध्ये अडीचशेहून जास्त मिलिवॅट. त्याची मर्यादा आहे १००. तेव्हा व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनच हेडफोन कानाला लावा. मुलांच्या हाती तर बटण देऊच नका.

हम ऐकू आला तर टर्मिनल आणि हेडफोन यांच्यामध्ये दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर करता येतो, पण त्याची गणितं आता होणार नाहीत. समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. हेडफोनच्या तीन तारांच्या प्लगमध्ये दोन्ही चॅनलची निगेटिव्ह एकत्र येते. ती तुमच्या अँप्लिफायरमध्ये आतून एकच आहे का, हे जोडण्याआधी मीटरनं पाहून घ्या, आणि त्याच मीटरनं रेझिस्टरसुद्धा मोजा.